चौथ्या महिन्यातली गोळी

गोड बातमी आपल्याकडे लगेच दाराबाहेर पडत नाही. तिसरा महिना सरेपर्यंत ती सासू, सून आणि नवरा या तिघांतच राहते. कधीकधी तर नवऱ्यालाही उशिराच कळते! दृष्ट लागते, पहिल्या तीन महिन्यांचा काही भरवसा नसतो, चारचौघांत बोभाटा कशाला, अशी त्याची कारणं. त्यातलं भरवशाचं कारण तर खरंच आहे. गर्भ पडण्याची भीती पहिल्या तीन महिन्यांतच जास्त असते. आमच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी, पवारी बोलणारी घरं शेजारी-शेजारी नांदतात, पण या एका बाबतीत सगळ्यांची रीत सारखीच. मग चौथा लागतो, आशाताईला कुणकुण लागते, कार्ड निघतं, आणि डॉक्टरांची पहिली भेट होईपर्यंत पाचवा उजाडतो.

या रीतीला नावं ठेवायला मी लेखणी हाती घेतलेली नाही. पण गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्रानं एक साधीशी गोळी गरोदर बायकांसाठी पुढे आणली आहे आणि तिची वेळ नेमकी तिसऱ्याच्या शेवटापासून चौथ्याच्या शेवटापर्यंत आहे. म्हणजे ज्या दिवसांत आपण बातमी पदराखाली झाकून ठेवतो, तेच दिवस. गोळीचं नाव ॲस्पिरिन. होय, हार्टच्या पेशंटला देतात तीच!

मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात मराठी शिकवते. पण मुलींच्या वर्गात वीस वर्षं उभं राहिलं की मर्ढेकरांसोबत पुष्कळ काही कानावर येतं. दुसऱ्या वर्षाला लग्न, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला पोट घेऊन येणारी मुलगी, आणि पुढे कधीतरी बाजारात भेटल्यावर 'मॅडम, पहिलं नाही राहिलं हो' असं खालच्या आवाजात सांगणारी तीच मुलगी. का नाही राहिलं, असं विचारलं की उत्तर बहुधा दोनच शब्दांत येतं. 'बीपी वाढला.' किंवा, 'झटके आले.'

या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. गरोदरपणाचे २० आठवडे झाल्यावर, म्हणजे पाचवा महिना अर्ध्यावर आल्यानंतर केव्हाही, तोवर नीट असलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्यावर जातो. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, नाहीतर यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसतो. त्यातच फिट्स आल्या की त्याला एक्लॅम्पसिया म्हणायचं. जगात शंभर गरोदर बायकांपैकी दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्पसिया गाठतो. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, उजवीकडे बरगडीखाली दुखणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं ही त्याची लक्षणं. पण पुष्कळदा काहीच जाणवत नाही, फक्त मशीनवरचा आकडा बोलतो. पायावर सूज दिसली की आपल्याकडे 'मुलगा असेल' म्हणणाऱ्या आज्या आहेत, आणि झटके आले की 'बाहेरचं आहे' म्हणून लिंबू उतरवणारेही आहेत. पहिलं ऐकून हसता तरी येतं. दुसऱ्यात तास-दोन तास जातात, आणि तेवढ्यात सगळं संपू शकतं.

आता हे होतं कशामुळे? आमचा भाग संत्र्यांचा, तेव्हा बागेच्याच भाषेत सांगते. बाळाला जेवण पुरवते ती वार. वार गर्भाशयाला धरते तेव्हा तिथल्या आईच्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. दांडाचा पाट व्हावा तशा. हे काम पहिल्या चार-साडेचार महिन्यांत उरकायचं असतं. काही जणींत ते अर्धवटच राहतं. मग बाळ मोठं होत जातं, त्याची तहान वाढते, आणि पाईप मात्र अर्ध्या इंचाचाच! अशा वेळी उपाशी वारेतून काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात, आईच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. आजार दिसतो सातव्या-आठव्यात, पण त्याचं बी पेरलेलं असतं तिसऱ्या-चौथ्यात. आंबिया बहाराला ताण कधी द्यायचा ते आपल्याकडचा प्रत्येक बागवान जाणतो. ती वेळ हुकली तर नंतर कितीही पाणी सोडा, झाडाला पाला फुटेल, फूल धरणार नाही. तसंच हे आहे.

ॲस्पिरिन इथं काय करते? रक्तातल्या प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचं एक द्रव्य सोडतात. त्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त लवकर गोठतं. अगदी थोडी ॲस्पिरिन दिली तर हे द्रव्य दबतं आणि त्याच्या उलट काम करणारं, वाहिन्या मोकळ्या ठेवणारं द्रव्य बऱ्याच अंशी शाबूत राहतं. ॲस्पिरिन बाजारात आली १८९९ साली, पण ती असं का वागते हे जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये उलगडलं. त्याबद्दल १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. बहात्तर वर्षं लोक गोळी गिळत होते आणि ती आत जाऊन काय करते हे कुणालाच ठाऊक नव्हतं!

आता जी हकीकत सांगते ती घराघरांतली आहे, म्हणून नावगाव सांगत नाही. सौंसर तहसिलीतल्या एका खेड्यात दिलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी. पहिल्या वेळी सातव्यात माहेरी आली. कार्डावर तीन भेटींच्या तारखा होत्या, पण रक्तदाबाचा रकाना तिन्ही वेळा कोरा. डोकं दुखतं म्हणून बाम चोळत होती. एका पहाटे झटके आले. गाडी मिळून नागपूरला पोचेपर्यंत दोनदा आले. ती वाचली. मूल किलोभरही नव्हतं, तिसऱ्या दिवशी गेलं. दीड वर्षानं पुन्हा दिवस राहिले तेव्हा नवऱ्यानं शहाणपणा केला आणि तिसऱ्यातच तिला नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ॲस्पिरिन लिहून दिली, रोज रात्री एक.

गोळ्या घरी आल्या आणि देवळीत जाऊन बसल्या. औषधाच्या दुकानातल्या मुलानं सरळ सांगितलं होतं, 'ये तो खून पतला करने की गोली है.' झालं! सासूबाईंनी पाकीट उचलून ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, 'मॅडम, आमच्या यायले अटॅक आला तवा हेच गोळी देल्ली होती. थे पोटुशीले कशी चालन? रक्त पातळ झालं त पोरगी बाळंतपणात जाईन ना माही!'

मला त्यांचा राग आला नाही. बाळंतपणात रक्त जाऊन गेलेली जाऊ त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि घरातल्या माणसाच्या उशाशी हीच गोळी पाहिली होती. दोन्ही गोष्टी जोडून त्यांनी जे अनुमान काढलं ते अडाणीपणाचं नव्हतं. त्यांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं, इतकंच. पोरानं मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला. सासूबाईंनी तीन प्रश्न विचारले, तीनही अस्सल. रक्त जाईल का? लेकराला काही होईल का? आणि हे किती दिवस? डॉक्टरीणबाईंनी मराठीतच, न कंटाळता सांगितलं की मात्रा फार थोडी आहे. रक्त थोडं जास्त जाण्याची शक्यता अगदी नाही असं नाही, पण ती लहान आहे, आणि या पोरीला पुन्हा झटके येण्याची भीती तिच्याहून मोठी. एवढ्या मात्रेनं बाळात व्यंग येतं असं दिसलेलं नाही. आणि नववा लागला की कधी थांबायचं ते मी सांगेन, मधेच मनानं बंद करायची नाही. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पाकीट देवळीतून काढून सुनेच्या उशाशी ठेवलं आणि म्हणाल्या, 'राती मीच देत जाईन.'

छत्तिसाव्या आठवड्यात तिचा रक्तदाब चढलाच. सदतिसाव्यात प्रसूती करावी लागली. बाळ सव्वादोन किलोचं, रडणारं. गोळीनं आजार अडवला की पुढे ढकलला, की गोळीविनाही असंच झालं असतं? एका बाईवरून हे सांगता येत नाही. देवाला मानणारे देवाला श्रेय देतील, तेही मी खोडणार नाही. पण अशा प्रश्नाचं उत्तर काढण्याची एक रीत आहे. हजारो बायका घ्यायच्या, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला कोणती मिळाली हे बाईलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. शेवटी हिशेब मांडायचा.

हा हिशेब मांडायला शास्त्रज्ञांना चाळीस वर्षं लागली, आणि तो सरळ रेषेत गेलेला नाही. १९७९ साली इंग्लंडमधल्या दोघा डॉक्टरांनी नोंदवलं की गरोदरपणात नेहमी ॲस्पिरिन घेतलेल्या बायकांत हा आजार कमी दिसतो. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये एक छोटी चाचणी झाली, निकाल फार चांगला आला. सगळे हरखले. मग १९९४ ची मोठी चाचणी आली, क्लास्प नावाची, ९,३६४ बायकांवर. त्यात ६० मिलिग्रॅमच्या गोळीनं आजार फक्त १२ टक्क्यांनी घटल्यासारखा दिसला, आणि तोही योगायोग असू शकेल इतपतच. उत्साह मावळला. पुढे लोकांनी जुने आकडे पुन्हा उकरले. २०१० मध्ये कॅनडाच्या इमॅन्युएल बुजोल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत गोळी सुरू केली त्यांच्यात आजार निम्म्यावर येतो, उशिरा सुरू करणाऱ्यांत फारसा फरक नाही. क्लास्पमध्ये तर कित्येक बायकांना सहाव्या-सातव्यात गोळी सुरू झाली होती! २०१७ च्या ॲस्प्री चाचणीनं तर चित्रच स्पष्ट केलं. जास्त धोक्याच्या १,७७६ बायका, १५० मिलिग्रॅम, रात्री, अकरा ते चौदा आठवड्यांपासून छत्तिसाव्यापर्यंत. दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत येणारा आजार गोळीवाल्यांत १.६ टक्के आणि बाकीच्यांत ४.३ टक्के. दिवस भरल्यावर येणारा आजार मात्र घटला नाही. हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. गोळी सगळ्यांना वाचवत नाही. पण जो आजार लवकर येऊन किलोभराच्या लेकराला बाहेर काढायला लावतो, तो पुष्कळसा टाळते.

हे सारं युरोपातलं झालं. आमच्या बायका वेगळ्या, अंगात रक्त कमी, खाणं वेगळं, तेव्हा इथलं काय? तर त्याचं उत्तर पांढुर्ण्याहून दोन-अडीच तासांवर सापडतं. २०१६ ते २०१८ या काळात भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला या सहा देशांत पहिलटकरणींवर एक चाचणी झाली. तीत ११,९७६ बायका होत्या. भारतातली दोन केंद्रं कोणती? एक नागपूरचं, लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचं, आणि दुसरं बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचं. एक आमच्या दाराशी, दुसरं आमच्यासारखंच मराठी सीमेवरचं! सहा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान ८१ मिलिग्रॅमची गोळी सुरू करून छत्तीस आठवडे उलटेपर्यंत दिली. निकाल २०२० च्या जानेवारीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. पोटात किंवा जन्मानंतर पहिल्या आठवड्यात दगावणारी बाळं हजारी ५३.६ होती, ती ४५.७ झाली. रक्तदाबाच्या एकूण विकारांत मोठा फरक दिसला नाही, पण रक्तदाबामुळे ३४ आठवड्यांच्या आतच बाळंत व्हावं लागण्याचं प्रमाण ०.४ टक्क्यांवरून ०.१ वर आलं. आणि रक्तस्राव? सासूबाईंचा तो प्रश्न इथंही तपासला होता. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. सगळ्या देशांतल्या ७७ चाचण्या, ४० हजारांवर बायका एकत्र करून २०१९ मध्ये जो आढावा निघाला त्यात मात्र बाळंतपणानंतरचा रक्तस्राव किंचित वाढल्याचं दिसलं, आणि आजार १८ टक्क्यांनी घटल्याचंही. डॉक्टरीणबाई फोनवर जे बोलल्या ते याला धरूनच होतं.

म्हणून आज जगभरच्या मार्गदर्शक सूचना एका गोष्टीवर सहमत आहेत. धोका असलेल्या बाईला ॲस्पिरिन द्या आणि लवकर द्या. किती, यावर मात्र एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये ७५ मिलिग्रॅम सांगितली, विसाव्या आठवड्याच्या आत. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ ८१ सांगतात, शक्यतो सोळाव्याच्या आत. इंग्लंडमध्ये २०१९ पासून ७५ ते १५०, बाराव्यापासून. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक संघटनेनं त्याच वर्षी १५० म्हटलं. हा ८१ चा विचित्र आकडा पाहून मला गंमत वाटली होती. त्याच्यामागे काही गूढ नाही. जुन्या पाच ग्रेनच्या गोळीचा तो चौथा हिस्सा! आपल्या मापात सांगायचं तर सोनाराची एक गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची. म्हणजे हे सगळे मतभेद गुंजेच्या आतबाहेरचे. आपल्याकडे ७५ आणि १५० अशा दोन्ही गोळ्या मिळतात, आणि एका चहाच्या पैशांत आठवडा निघतो. डोकेदुखीवर पाण्यात विरघळवून घेतात ती ॲस्पिरिन वेगळी, तिची मात्रा कितीतरी जास्त असते. ती इथं चालणार नाही.

धोका कुणाला, हेही ठरलेलं आहे. मागच्या खेपेला बीपी वाढला होता किंवा झटके आले होते, आधीपासूनच रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ल्यूपससारखा आजार आहे, यातलं एक जरी असलं तरी गोळीचा विचार व्हायला हवा. जुळं असलं तर अमेरिकेतले डॉक्टर त्यालाही याच यादीत घालतात. पहिलटकरीण असणं, वय पस्तीस-चाळिशीकडे झुकलेलं, वजन फार जास्त, आई किंवा बहिणीला हा त्रास झालेला, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर, यातली दोन कारणं जुळली तरीही. आमच्या भागासाठी मी यात सिकलसेल जोडीन. विदर्भात आणि छिंदवाड्याकडे हा आजार घरोघरी ऐकू येतो. २०२३ च्या जुलैमध्ये शहडोलला सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात झाली, तपासण्या होऊ लागल्या. सिकलसेलच्या रुग्ण बायकांत प्रीएक्लॅम्पसियाचा धोका वाढतो, म्हणून इंग्लंडमधले तज्ज्ञ त्यांनाही बाराव्या आठवड्यापासून ही गोळी सुचवतात.

पण मैत्रिणींनो, हे वाचून कुणी दुकानातून पाकीट आणून गिळायला लागू नका. पोटात अल्सर असेल, ॲस्पिरिननं दमा उसळत असेल, रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर ही गोळी घातक आहे. द्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आपलं काम वेळेत त्यांच्यासमोर जाऊन बसण्याचं. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या आणि चौदाव्या आठवड्यापासूनचं कॅल्शियम हे वेगळं, तेही चालूच ठेवायचं. ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी, त्यांच्यात कॅल्शियमनंही हा धोका घटतो.

आता सीमेची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर आमच्या हातून गेलं, राजधानी भोपाळला गेली. पण आजारी माणसाची गाडी अजूनही नागपूरकडेच वळते. मेडिकल, मेयो, डागा ही नावं आमच्याकडे पोरासोरांना पाठ. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण ही सवय एका सहीनं बदलत नसते. २०१८ ते २०२० च्या सरकारी पाहणीत दर लाख जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या होत्या, महाराष्ट्रात ३३. राज्याची सरासरी म्हणजे आपल्या तहसिलीचा आकडा नव्हे, हे मला कळतं. तरीही जाम नदीकाठी उभं राहून दक्षिणेकडे पाहताना तो आकडा आठवतोच.

या सीमेमुळे आमच्या बायकांच्या कागदांचे तीन तुकडे होतात. अंगणवाडीचं कार्ड हिंदीत, नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, आणि घरात बोलणं मराठीत. गोळी या तिघांच्या मधे कुठंतरी हरवते. त्यात सातव्यात डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी. साड्या येतात, सुकामेवा येतो, फाइल सासरच्या कपाटात राहते. म्हणजे ज्या महिन्यात रक्तदाब चढायचा, त्याच महिन्यात दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतो आणि आधीचं कुणाला काही ठाऊक नसतं. गोटमारीच्या दिवशी फुटणाऱ्या डोक्यांसाठी पांढुर्ण्यात रुग्णवाहिका आधीपासून उभ्या असतात. कोणत्या पोरीला धोका आहे हे चौथ्यातच कळलं, तर तिच्यासाठीही गाडी, पैसे आणि दवाखाना आधीच ठरवून ठेवता येतो.

बाळंत झालं की सुटलो, असंही नाही. झटके बाळंतपणानंतरच्या दिवसांतही येतात, म्हणून सव्वा महिना रक्तदाब मोजत राहायला हवा. आणि जिला एकदा हा आजार झाला तिला पुढं आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, तेव्हा वर्षातून एकदा तरी मोजावाच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ते सुरू आहे. त्या दिवशी गर्दी फार असते, एकेकीला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात मागचं सगळं कुणी उकरून विचारेलच असं नाही. तेव्हा 'पहिल्या वेळी झटके आले होते', 'माझ्या आईला बीपीचा त्रास होता', 'मला सिकलसेल आहे' यातलं जे खरं असेल ते पदर सावरत गप्प बसण्याऐवजी आपणहून, आधी बोलायचं. सोबत सासू असली तर तिलाही आत न्यायचं. तिचेही प्रश्न असतात.